एक गाभा, दोन यंत्रे

विद्यार्थी मित्रांनो, हल्ली अभ्यासाची पुष्कळशी साधने मोबाइलच्या ॲपच्या रूपाने आपल्यापुढे येतात. शब्दकोश, आकाशाचा नकाशा, मूलद्रव्यांचा तक्ता, भूमितीच्या आकृत्या, प्रश्नसंच अशी कितीतरी नावे सांगता येतील. वर्गात सूचना होते, ‘अमुक ॲप उतरवून घ्या आणि घरी पाहून या.’ सांगायला हे सोपे आहे. परंतु अनेक घरांत चांगला मोबाइल एकच असतो आणि तो सकाळी आईबरोबर किंवा वडिलांबरोबर कामावर जातो. शिकणारी भावंडे दोन-तीन असली, तर रात्री त्या एका मोबाइलसाठी पाळ्या लागतात. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही अडचण साऱ्या देशाने पाहिली. आणि गंमत अशी, की त्याच वेळी कितीतरी शाळांच्या संगणककक्षांत धडधाकट संगणक कापडी झाकणाखाली स्वस्थ उभे होते.

तेव्हा प्रश्न साहजिक आहे. मोबाइलवरचे ॲप टेबलावरच्या संगणकावर का चालू नये?

याचे उत्तर असे, की ते चालू शकते. आणि संगणकावर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली असेल, तर फारच चांगले चालू शकते. जेथे ते अडते, तेथे ते दोन निरनिराळ्या कारणांनी अडते. काही कारणे यंत्राच्या रचनेत असतात, तर काही माणसांनी घेतलेल्या निर्णयांत असतात. या दोहोंतला फरक ओळखता येणे ही विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अत्यंत आवश्यक अशी गोष्ट आहे, असे आम्हांला वाटते. म्हणून हा लेख.

गाभ्याचे काम

संगणक म्हणजे नुसते यंत्र. त्यात स्मृती असते, गणित करणारा प्रोसेसर असतो, पडदा व कळफलक असतात. या सर्वांकडून काम करून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा सर्वांत आतला भाग म्हणजे गाभा. तंत्रज्ञ त्याला ‘कर्नल’ म्हणतात. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला किती वाटून द्यायचा, माहिती चकतीवर कोठे ठेवायची, हे सर्व गाभा ठरवतो. आपण वापरतो ती आज्ञावली यंत्राशी थेट कधीच बोलत नाही. ती गाभ्याला विनंती करते आणि गाभा ते काम करून देतो.

लिनक्स हे मूळचे अशाच एका गाभ्याचे नाव आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला. त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला होता. कोणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि इतरांना देता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली तयार करणे, हा त्या प्रकल्पाचा हेतू होता. १९९२ साली लिनक्सचा गाभाही ग्नूच्या परवान्याखाली आला. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून आज आपण ज्यांना सैलपणे ‘लिनक्स’ म्हणतो त्या अनेक कार्यप्रणाली निर्माण झाल्या. ज्याची मूळ आज्ञा-संहिता सर्वांना वाचायला खुली आहे, ते मुक्तस्रोत.

आता मोबाइलकडे वळू. अँड्रॉइड नावाची एक लहान कंपनी २००३ साली स्थापन झाली, ती २००५ साली गूगलने विकत घेतली आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाइल २००८ साली बाजारात आला. या अँड्रॉइडच्या तळाशी कोणता गाभा आहे? लिनक्सचाच! म्हणजे तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल आणि लिनक्स चालवणारा शाळेतला संगणक हे दोघे एकाच कुळातले आहेत. रंगरूप निराळे, पण गाभा एक.

मग अडते कोठे?

गाभा एक आहे, तर मोबाइलचे ॲप उचलून संगणकावर ठेवले की चालायला हवे. पण तसे होत नाही. याची कारणे तीन.

पहिले कारण असे, की अँड्रॉइडचे बहुतेक ॲप प्रोसेसरच्या भाषेत लिहून झालेले नसते. ते एका मधल्या, सांकेतिक भाषेत असते. तिचे रूपांतर प्रोसेसरच्या भाषेत करण्यासाठी अँड्रॉइडमध्ये एक स्वतंत्र व्यवस्था असते. पूर्वी तिचे नाव ‘डाल्विक’ होते. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तिची जागा ‘आर्ट’ नावाच्या व्यवस्थेने घेतली. साध्या लिनक्स संगणकात ही व्यवस्था नसते.

दुसरे कारण शेजारधर्माचे आहे. ॲप एकटे काही करत नाही. पडद्यावर चित्र काढायचे, आवाज करायचा, सूचना दाखवायची, तर ते अँड्रॉइडमधील निरनिराळ्या सेवकांना हाक मारते. या हाका ‘बाइंडर’ नावाच्या निरोप्यामार्फत जातात. संगणकावर निरोप्या नसेल आणि सेवकही नसतील, तर ॲप हाका मारून थकेल. ओ कोणी देणार नाही.

तिसरे कारण प्रोसेसरच्या जातीचे. मोबाइलमध्ये बहुधा ‘आर्म’ जातीचा प्रोसेसर असतो, तर शाळेतल्या संगणकांत बहुधा इंटेलने रूढ केलेल्या ‘एक्स-८६’ जातीचा. दोघांच्या आज्ञांची भाषा निराळी. मधल्या सांकेतिक भाषेत असलेल्या ॲपला याची फारशी अडचण येत नाही, कारण तिचे रूपांतर कोणत्याही जातीसाठी करता येते. परंतु खेळांसारख्या काही ॲपांत वेग वाढवण्यासाठी थेट आर्मच्या भाषेतले तुकडे घातलेले असतात. त्यांना दुभाष्या लागतो, आणि दुभाष्यामार्फत चाललेले संभाषण नेहमीच थोडे मंद असते.

वाडा आणि बिऱ्हाड

या अडचणींवर दोन प्रकारचे उपाय निघाले. ते समजण्यासाठी जुन्या पुण्यातला एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा.

समजा, वाड्यात नवे कुटुंब राहायला यायचे आहे. एक मार्ग असा, की वाड्याच्या अंगणातच त्यांच्यासाठी दुसरा छोटा वाडा बांधायचा. त्याला त्याची स्वतःची विहीर, स्वतःचा दिंडी-दरवाजा, स्वतःचा पाया. संगणकात यालाच आभासी यंत्र म्हणतात. संगणकाच्या आत दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करायचे आणि त्यात अँड्रॉइड त्याच्या स्वतःच्या गाभ्यासह चालवायचे. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली ‘क्यूईएमयू’ ही आज्ञावली असे सोंग वठवते, आणि ॲप तयार करणारे लोक जे अँड्रॉइडचे अनुकारक यंत्र वापरतात तेही तिच्यावरच आधारलेले आहे. हा मार्ग खात्रीचा, पण खर्चिक. एका संगणकावर दोन गाभ्यांचा भार पडतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच वाड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड देणे. विहीर तीच, पाया तोच, दिंडी-दरवाजा तोच. पण स्वयंपाकघर स्वतंत्र आणि दाराला कडी स्वतंत्र. या बिऱ्हाडातल्यांना शेजारच्या बिऱ्हाडात काय चालले आहे ते दिसत नाही. लिनक्सच्या गाभ्यात अशी बिऱ्हाडे पाडण्याची सोय आहे. तिला ‘कंटेनर’ म्हणतात. अँड्रॉइडला जो गाभा लागतो तो लिनक्सकडे आहेच. मग गाभ्यात बाइंडर निरोप्याची सोय सुरू केली आणि अँड्रॉइडचे बाकीचे सामान, म्हणजे ‘आर्ट’ आणि सेवक, एवढेच बिऱ्हाडात आणून मांडले की झाले. दुसरा गाभा चालवावा लागत नाही, आणि म्हणून वेग फारसा कमी होत नाही.

२०१७ साली जाहीर झालेल्या ‘ॲनबॉक्स’ या प्रकल्पाने ही कल्पना वापरली. २०२१ पासून ‘वेड्रॉइड’ हा प्रकल्प तेच काम अधिक चांगल्या रीतीने करतो. वेड्रॉइड ज्या अँड्रॉइडला बिऱ्हाड देतो, ते ‘लिनिएज’ या नावाने स्वयंसेवकांनी सांभाळलेले मुक्तस्रोत अँड्रॉइड आहे.

स्वतः पाहण्यासारखी एक गोष्ट

विज्ञानात ऐकीव गोष्टीवर विसंबू नये. गाभा खरोखरच एक आहे का, हे तुम्हांला शिक्षकांच्या मदतीने स्वतः तपासता येईल. लिनक्स संगणकावर ‘यूनेम’ नावाची आज्ञा असते. ती गाभ्याच्या आवृत्तीचा क्रमांक दाखवते. तो वहीत लिहून घ्या. मग वेड्रॉइड सुरू करा, त्यातील अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फोनविषयी’ या भागात कर्नलची आवृत्ती पाहा. दोन्ही क्रमांक सारखेच दिसतील. आभासी यंत्रात अँड्रॉइड चालवले, तर तेथे बहुधा वेगळा क्रमांक दिसेल, कारण तेथे खरोखरच दुसरा गाभा असतो. वाडा कोणता आणि बिऱ्हाड कोणते, हे एका क्रमांकावरून कळते.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. अँड्रॉइडचे ॲप ज्या फाइलमध्ये येते, ती वस्तुतः ‘झिप’ पद्धतीने बांधलेले एक गाठोडे असते. एखाद्या मुक्तस्रोत ॲपची अशी फाइल घेऊन झिप उघडणाऱ्या आज्ञावलीने ती सोडा. आत चित्रे, सांकेतिक भाषेतली संहिता आणि ॲपला कोणकोणत्या परवानग्या हव्यात त्याची यादी वेगवेगळी ठेवलेली दिसेल. ॲप म्हणजे काही जादू नव्हे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मनातली भीती जाते.

न चालण्याचे दोन प्रकार

आता, सगळीच ॲपे अशा रीतीने चालतील असे मानणे चुकीचे होईल.

जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे सुंदर ॲप पाहा. मोबाइलमधील त्वरणमापक, चुंबकक्षेत्रमापक, ध्वनिग्राहक यांचा उपयोग करून ते मोबाइलची लहानशी भौतिकी प्रयोगशाळाच बनवते. दोरीला टांगलेल्या मोबाइलचा झोका मोजून गुरुत्वत्वरण काढता येते. हे ॲप संगणकावर चालवण्यात अर्थ नाही. टेबलावरच्या संगणकात त्वरणमापक नसतो, आणि असता तरी संगणक दोरीला टांगणार कोण? येथे अडचण यंत्राच्या रचनेत आहे. तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

परंतु दुसऱ्या प्रकारचे न चालणे निराळे आहे. काही ॲपे सुरू होताच चौकशी करतात, की ‘हे यंत्र गूगलने प्रमाणित केलेले आहे काय?’ ‘प्ले इंटेग्रिटी’ नावाची सेवा या प्रश्नाचे उत्तर देते. वेड्रॉइडमधील अँड्रॉइड प्रमाणित नसल्यामुळे उत्तर नकारार्थी येते आणि ॲप चालण्यास नकार देते. येथे प्रोसेसर समर्थ असतो, स्मृती पुरेशी असते, गाभा तोच असतो. तरी दार उघडत नाही, कारण कोणीतरी तसे ठरवलेले असते.

बँकेच्या ॲपने असे करावे हे समजण्यासारखे आहे. तेथे लोकांच्या पैशाचा प्रश्न असतो आणि फसवणुकीची भीती खरी असते. परंतु पाढे, व्याकरण किंवा ग्रहगोल शिकवणाऱ्या ॲपला तिजोरीचे कुलूप कशाला? शिकण्याच्या साधनाने विद्यार्थ्याला ‘तुझ्या हातात कोणते यंत्र आहे?’ असे विचारून दारातून परत पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुळांच्या मापाचा धडा

मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीन मापांचे लोहमार्ग येऊन मिळत. एका मापाच्या रुळांवरची वाघीण दुसऱ्या मापावर जाऊ शकत नसे. मग माल उतरवा आणि पुन्हा चढवा. लोखंडाचा गुणधर्म सगळीकडे तोच होता. माप मात्र माणसांनी निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी ठरवलेले होते. त्या निर्णयांचा भार पुढे कित्येक वर्षे हमालांच्या पाठीने आणि प्रवाशांच्या वेळाने वाहिला. १९९२ साली भारतीय रेल्वेने रुळांचे माप एक करण्याची मोठी योजना हाती घेतली, ती याच कारणाने.

ॲपच्या बाबतीतही असेच आहे. वेड्रॉइडसारखी आज्ञावली म्हणजे मिरजेचा फलाट होय. तो आहे म्हणून माल पुढे जातो. त्याचे मोल मोठे आहे. परंतु मालाची चढउतार करावीच लागू नये, हे अधिक चांगले. म्हणून सार्वजनिक पैशातून विद्यार्थ्यांसाठी जे काही तयार होते, ते एकाच जातीच्या यंत्राला बांधलेले असू नये. हे शक्य आहे, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. २०१७ साली सुरू झालेला ‘दीक्षा’ हा शासकीय शिक्षणमंच ॲपच्या रूपात आहे, तसाच संकेतस्थळाच्या रूपातही आहे. संगणकावरील साध्या ब्राउझरमध्ये तो उघडतो. त्याचप्रमाणे आकाशदर्शनासाठी ‘स्टेलेरियम’ ही मुक्तस्रोत आज्ञावली लिनक्सवर मुळातच आहे. तिच्यासाठी मोबाइलचे ॲप संगणकावर आणण्याची यातायात करावी लागत नाही.

मुक्तस्रोताचा आग्रह का धरावा, याचेही एक कारण अलीकडेच दिसून आले. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली विंडोजवर अँड्रॉइडची ॲपे चालवण्याची सोय जाहीर केली, आणि ५ मार्च २०२५ रोजी ती बंद केली. ती सोय कंपनीच्या मालकीची होती. कंपनीने हात काढून घेतल्यावर वापरणाऱ्यांना काही करता आले नाही. ॲनबॉक्सचे कामही थांबले, २०२३ साली. परंतु त्याची संहिता सर्वांपुढे खुली होती. ती वाचून, तिच्यातील उणिवा हेरून, दुसऱ्या लोकांनी वेड्रॉइड आधीच उभा केलेला होता. पहिल्या उदाहरणात सोय संपली. दुसऱ्यात ज्ञान शिल्लक राहिले आणि त्यातून नवे काही उगवले. विज्ञानाची वाढ नेहमी अशाच रीतीने झालेली आहे. एकाने प्रयोग करावा, तो सर्वांना सांगावा आणि दुसऱ्याने तेथून पुढे जावे.

काही आक्षेप

यावर तीन आक्षेप घेतले जातील.

कोणी म्हणेल, ‘शाळेतले संगणक जुने आहेत, त्यांना हे झेपणार नाही.’ यात तथ्य आहे. वेड्रॉइडला पडद्यावरील चित्रांसाठी ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था लागते, आणि ४ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्राची त्याने दमछाक होते. ८ असल्यास बरे. ज्या संगणकांना हे झेपत नाही, त्यांच्यावर निदान ब्राउझर आणि लिनक्सच्या स्वतःच्या आज्ञावली तरी चालतात. ॲप हवेच, हा हट्ट सोडला तर जुना संगणकही पुष्कळ उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप असा, की लिनक्स मुलांना अवघड जाईल. केरळमधील शासकीय शाळांत अनेक वर्षे मुक्तस्रोत कार्यप्रणालीवरच संगणक शिकवला जात आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. ती भारतीय भाषांत वापरता येते. तेथील मुलांना जे जमते, ते आपल्या मुलांना न जमण्याचे कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. ‘ॲप कोठूनही उतरवले तर त्यातून अपायकारक आज्ञावली शिरणार नाही काय?’ अवश्य शिरेल. म्हणून अनोळखी ठिकाणची फाइल कधीही घेऊ नये. ‘एफ-ड्रॉइड’ हे २०१० पासून चाललेले मुक्तस्रोत ॲपांचे भांडार आहे. शाळेने तेथून आरंभ करावा. बिऱ्हाडाच्या दाराला कडी आहे, पण विहीर सामाईक आहे, हे विसरून चालणार नाही.

शेवटी

शिक्षकांना आमची विनंती आहे, की ‘अमुक ॲप घ्या’ अशी सूचना देण्यापूर्वी तेच साहित्य ब्राउझरमध्ये मिळते का, ते एकदा पाहावे. आणि मिळत नसेल, तर ते तयार करणाऱ्यांना तसे पत्राने कळवावे. अशा दहा पत्रांचाही परिणाम होतो. संगणककक्षातील एका तरी यंत्रावर लिनक्स घालून शाळा सुटल्यावर तासभर तो कक्ष उघडा ठेवता आला, तर ज्या घरात मोबाइल संध्याकाळी उशिरा परततो, तेथल्या मुलाचा अभ्यास त्या तासात होऊन जाईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एखादे यंत्र ‘हे होणार नाही’ असे सांगू लागले, तर लगेच मान डोलावू नका. का होणार नाही, हे विचारा. कारण यंत्रात असेल तर ते समजून घ्या. त्यातून तुम्ही संगणकशास्त्र शिकाल. कारण कोणाच्या निर्णयात असेल, तर तो निर्णय योग्य आहे का, याचा विचार करा. लिनक्सचा गाभा लिहिणारा मुलगा २१ वर्षांचा होता. त्याच्यापुढेही प्रश्न एवढाच होता, की आपल्या टेबलावरचे यंत्र आपल्याला हवे तसे का चालू नये?